क्रूझवरचा स्पा: कशावर पैसे घातले, कशावर नाही

क्रूझचं बुकिंग झालं रे झालं की मेल यायला लागतात, ड्रिंक्स पॅकेज घ्या, वायफाय घ्या, आणि स्पा, स्पाची ऑफर तर दर आठवड्याला. आम्ही ह्यूस्टनला राहतो, गॅल्व्हेस्टनचं बंदर इथून गाडीने तासाभरावर, आई नाशिकहून आलेली, तिचे गुडघे बघता सारखं सामान उचलत हॉटेलं बदलण्यापेक्षा क्रूझ बरी असा विचार करून आठवड्याभराची वेस्टर्न कॅरिबियन घेतली, कोझुमेल, कोस्टा माया आणि होंडुरासचं रोआतान. माझी मान आणि उजवा खांदा लॅपटॉपपायी कायम आखडलेला, त्यामुळे स्पा नकोच असं काही माझं नव्हतं. पण जहाजावर त्यासाठी पैसे घालण्यात अर्थ आहे का, आणि असेल तर नेमका कशावर, हे मला आधी नीट बघायचं होतं.

आधी रेट. साधा स्वीडिश मसाज, ५० मिनिटं, १६९ डॉलर. त्यावर १८ टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो, म्हणजे जवळजवळ २०० डॉलर झाले. ह्यूस्टनमध्ये मेंबरशिप घेतली की तासाभराचा चांगला मसाज ७०-८० डॉलरमध्ये होतो, वर टिप. आईने लगेच रुपयात हिशोब केला, "अगं सतरा हजार! एवढ्यात आपल्याकडे मालिशवाल्या मावशी सहा महिने घरी येतील." आणि तिचं बरोबर होतं. माझ्या बाळंतपणात नाशिकला ज्या मावशी येत होत्या त्यांच्या हाताला जी समज होती ती मला अजून कुठल्या स्पात मिळालेली नाही, तिळाचं कोमट तेल घेऊन पाठीवर अंगठा असा चालवायच्या की नेमकी गाठ सापडायचीच. त्यामुळे नुसता मसाजाला मसाज म्हणून बघितलं तर जहाजावरचा महागच आहे, त्यात वाद नाही.

महाग का, हेही समजून घेतलेलं बरं. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या स्पा स्वतः चालवत नाहीत, बाहेरच्या कंपनीला चालवायला देतात. त्यातली सगळ्यात मोठी वनस्पावर्ल्ड, बहामाजमध्ये मुख्यालय, २०१९ पासून नॅसडॅकवर लिस्टेड, दीडशेहून जास्त जहाजांवर त्यांचे स्पा आहेत. म्हणजे तुम्ही भरता त्यात क्रूझ कंपनीचाही वाटा आला आणि स्पा कंपनीचाही. शिवाय तिथल्या मुलींची कमाई बऱ्याच अंशी कमिशनवर असते, त्या महिनोन्महिने घर सोडून जहाजावर राहतात, तेव्हा त्यांनी क्रीम-तेलं विकायचा प्रयत्न केला तर मला त्यांचा राग येत नाही. आपण काय घ्यायचं ते आपण आधी ठरवून जावं, बस.

मी घरून काहीच बुक केलं नाही. ऑनलाइन प्री-बुकिंगला थोडा डिस्काउंट दाखवत होते पण तो सी डेच्या, म्हणजे जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या दिवसाच्या, रेटवर होता, आणि जहाज पोर्टला लागलेलं असतं त्या दिवशी स्पा रिकामा असतो म्हणून तेव्हाचे रेट बरेच खाली येतात हे मला माहीत होतं. पहिल्या दिवशी, जहाजावर चढून जेवण झालं की लगेच, स्पाची फुकट टूर असते ती मात्र नक्की करा. तिथे सगळ्या खोल्या उघड्या दाखवतात, लकी ड्रॉ असतो (ड्रॉच्या वेळी तिथे हजर राहावं लागतं, नाहीतर नाव बाद), आणि मुख्य म्हणजे थर्मल सूट आत जाऊन बघता येतो.

या थर्मल सूटबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मेलमध्ये त्याचा एका ओळीत उल्लेख असतो आणि आपले लोक मसाजचे रेट बघून तिथेच थांबतात. ही एक मोठी जागा असते, त्यात स्टीम रूम, सॉना (कोरड्या गरम हवेची खोली), वेगवेगळ्या पाण्याचे शॉवर, आणि भिंतीभर काचेसमोर गरम टाइल्सचे बाक. बाक म्हणजे आरामखुर्चीच्या वळणाचे, सिरॅमिकच्या बारीक बारीक टाइल्स लावलेले, आतून तापवलेले. टॉवेल टाकायचा आणि पडायचं. समोर नुसता समुद्र. इथे मसाज वगैरे कोणी करत नाही, फक्त आत बसायचा पास मिळतो, आठवड्याचा माणशी १९९ डॉलर होता. मोजकेच पास विकतात त्यामुळे गर्दी होत नाही, पण त्यामुळेच पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपूही शकतात.

टूरमध्ये आई त्या बाकावर सहज टेकली आणि उठेचना. घरी ती रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसते, एकदा या गुडघ्यावर एकदा त्या, पिशवी गार झाली की परत पाणी तापव. इथे पोटऱ्या, मांड्या, कंबर सगळं एकदम शेकलं जात होतं. म्हणाली, "हे कोणी घरी करून देईल का गं?" मी तिथेच दोघींचे पास घेतले. नवऱ्याला विचारलं, त्याला पूल आणि पुस्तक पुरेसं होतं, त्यामुळे त्याचा घेतला नाही.

गॅल्व्हेस्टनहून निघणाऱ्या क्रूझला जाताना आणि येताना मेक्सिकोचं आखात पार करण्यात बराच वेळ जातो, सी डे भरपूर असतात, हे इथे महत्त्वाचं. सी डेला वर पूलवर खुर्ची मिळायची मारामार, मोठ्याने गाणी चालू, आणि आम्ही दोघी नाश्ता झाला की खाली स्पात. रोज दोन-अडीच तास. आठवड्याचा हिशोब केला तर एका मसाजच्या पैशात सगळा आठवडा निघाला, आणि आईला त्या दिवसांत जिना चढताना कठडा धरावा लागला तरी रात्री गुडघे चोळत बसावं लागलं नाही. बाकाने संधिवात बरा होतो असं मी म्हणत नाहीये, शेकाने आराम पडतो तेवढाच, पण तो रोज पडला.

आईला बीपीची गोळी चालू आहे म्हणून निघायच्या आधीच तिच्या नाशिकच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर विचारून ठेवलं होतं. त्यांनी सॉना आणि स्टीम नको सांगितलं, गरम बाकाला हरकत नाही पण अर्ध्या तासाने उठायचं, पाणी प्यायचं, उठताना हळू. हे प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावं, गरम हवेत रक्तदाब खाली येऊन चक्कर येऊ शकते आणि त्यात जहाज हलत असतं.

कपड्यांचं मला बऱ्याच मैत्रिणींनी विचारलं. आमच्या इथे थर्मल सूट बायका-पुरुष एकत्रच होता आणि स्विमसूट घालावा लागत होता. आईसाठी पूर्ण बाह्यांचा स्विमसूट आणि त्याच कापडाची लेगिंग घेतली होती, वर स्पाचा पांढरा रोब. पहिल्या दिवशी तिला अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या बाकावरच्या मेक्सिकन आजींशी खुणांनी गुडघ्यांबद्दल बोलत होती.

आता ज्याला मी ठामपणे नाही म्हटलं ते. स्पामध्ये फुकट सेमिनार असतात, पोट कमी करा, शरीरातले टॉक्सिन्स काढा, पायाच्या ठशावरून पाठदुखी ओळखा वगैरे. मी एकाला बसले. शेवटी पॅकेजवर येतात. सीवीडचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, लेप लावून गुंडाळतात आणि डिटॉक्स होतं, इंच कमी होतात म्हणतात. शरीरातली घाण काढायचं काम लिव्हर आणि किडनी करतात, लेपाने काही बाहेर येत नाही, आणि मोजपट्टीत जो फरक दिसतो तो पाण्याचा, जेवलात-प्यायलात की परत. वर यात आपल्या बायकांनी लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे सीवीडमध्ये आयोडीन असतं आणि थायरॉइडचा त्रास असेल तर हा लेप टाळायला सांगतात. आईला थायरॉइडची गोळी आहे, मला वाटतं आपल्या नात्यातल्या निम्म्या बायकांना असेल. ट्रीटमेंटच्या आधी जो फॉर्म देतात त्यात हे विचारलेलं असतं, तो घाईत टिक मारून देऊ नका, बीपी, थायरॉइड, ऑपरेशन, प्रेग्नन्सी, ॲलर्जी सगळं लिहा. बोटॉक्स, दात पांढरे करणं, ॲक्युपंक्चर हेही होतं. ज्या गोष्टीचा परिणाम नंतर आठवडाभर कोणीतरी बघायला लागतो ती मी आठवड्यानंतर परत न भेटणाऱ्या माणसाकडून करून घेणार नाही, हे माझं साधं मत.

मसाज मी एकच केला, रोआतानच्या दिवशी. आदल्या संध्याकाळी पोर्ट डेच्या ऑफरचा कागद केबिनमध्ये आला, तोच ५० मिनिटांचा मसाज ११९ डॉलर, १८ टक्के धरून १४०. खरं सांगायचं तर कोझुमेलला बीचवर याच्या निम्म्याहून कमीत मसाज मिळतो, समुद्राचा वारा, वर पामच्या झावळ्या, आणि नुसती मजा म्हणून हवा असेल तर तोच करा. पण मला खांद्यासाठी बंद शांत खोली आणि ट्रेनिंग घेतलेला हात हवा होता. नवरा आणि आई टॅक्सी करून किनाऱ्यावर गेले, जहाज धक्क्याला बांधलेलं, अजिबात हलत नव्हतं, स्पात चिटपाखरू नाही.

थेरपिस्ट दक्षिण आफ्रिकेची होती, जहाजावर सगळ्यांच्या नावाच्या बिल्ल्यावर देश लिहिलेला असतो त्यावरून कळलं. मी सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगितल्या, पूर्ण अंग नको, सगळा वेळ मान, खांदा आणि पाठीचा वरचा भाग, आणि दुसरं म्हणजे मला प्रॉडक्ट्स घ्यायची नाहीत. हे आधी बोलायचं, नंतर नाही. ती हसली, म्हणाली ठीक आहे, आणि खरंच शेवटपर्यंत काही विकायला आली नाही, नाहीतर मसाज संपला की एका कागदावर तुमच्या त्वचेसाठी अमुक तेल तमुक क्रीम अशा खुणा करून देतात आणि अर्धवट झोपेत माणूस हो म्हणतो. खांद्याच्या पात्याखाली तिने कोपराने बराच वेळ दाब धरून ठेवला, दुखलं, मग एकदम सैल झालं. संध्याकाळी मान दोन्हीकडे सारखी वळत होती. १४० डॉलरचं मला काही वाटलं नाही, २०० चं वाटलं असतं.

बिलावर सही करताना खाली ॲडिशनल ग्रॅच्युइटी, म्हणजे जादा टिप, अशी रिकामी ओळ असते. १८ टक्के वर आधीच धरलेले असतात, त्यामुळे तिथे काही लिहिलंच पाहिजे असं नाही. मी थोडे लिहिले कारण तिने मनापासून काम केलं होतं. आणि शेवटच्या रात्री केबिनचं खातं उघडून स्पाच्या ओळी तपासा, उतरायच्या सकाळी गेस्ट सर्व्हिसेसला लांबलचक रांग असते.

माझी बहीण आता सिएटलहून अलास्काला जाणार आहे आणि तिने हेच विचारलंय. तिथे हिशोब वेगळा लागेल. जूनो, स्कॅगवे, केचिकन असे पोर्ट एकामागून एक असल्यामुळे दिवसा जहाजावर वेळ कमी, पण बाहेर गारठा, व्हेल बघून ओलं होऊन परत आलं की त्या गरम बाकाची किंमत वाढतेच, आणि जहाज ग्लेशियरपाशी जातं तेव्हा काचेतून ते बाकावर पडून दिसणार असेल तर मी पास घेईनच. तिला सांगितलंय की पहिल्या दिवशी टूर कर, स्पा जहाजाच्या कुठल्या टोकाला आहे, काचेतून जहाजाच्या समोरचं दिसतं की बाजूचं, एका दिवसाचा पास देतात का हे विचार, आणि जिमच्या चेंजिंग रूममध्ये फुकट सॉना आहे का तेही बघून ये, काही जहाजांवर असतो आणि कोणी सांगत नाही.