बाईंच्या रेडिओतली खरखर

माझी दहावी १९९२ची. त्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडदच्या बाजूला मोठमोठ्या डिश उभ्या राहू लागल्या होत्या आणि पंचक्रोशीत तर्कांना ऊत आला होता. पाऊस पळवायचं यंत्र आहे, असं आमच्या आळीत ठामपणे सांगितलं जायचं.

विज्ञानाच्या बाईंनी एकदा घरचा ट्रान्झिस्टर वर्गात आणला. गाणी लागणार म्हणून आम्ही खूश. बाईंनी काटा मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधे ठेवला आणि मला दिव्याचं बटण खालीवर करायला उठवलं. दर खटक्याला रेडिओत 'कट्' वाजे. "ठिणगी बोलते बघ," बाई म्हणाल्या. मग त्यांनी डिशची गोष्ट सांगितली. आकाशातूनही असाच आवाज येतो, पण इतका बारीक, की जवळच्या ठिणगीखाली तो दबून जातो. डिशला पत्रा का नाही, नुसती जाळी का, असं मी विचारलं. चाळणीतून रवा पडतो, शेंगदाणा पडतो का, हे त्यांचं उत्तर.

पुढे आयटीआय, डिप्लोमा करून मी त्याच डिशच्या ठिकाणी, म्हणजे जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर कामाला लागलो, तेव्हा त्या शेंगदाण्याचा हिशेब नीट कळला. रेडिओ लहरी २१ सेंटिमीटरपासून दोनेक मीटरपर्यंत लांबीच्या. जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची. लहरींना तो आरसाच, वाऱ्याला मात्र मोकळी वाट. वारा आरपार गेल्यावर सांगाडा हलका चालतो, खर्च खाली येतो. म्हणून ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आपल्याला परवडल्या. ही कल्पना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप सरांची. त्यांच्याशी बोलायचा योग मला आला नाही. पण १९६१मध्ये परदेशात असलेल्या स्वरूप, कृष्णन, कुंडू आणि मेनन या चौघांनी मिळून होमी भाभांना पत्र लिहिलं, की आम्ही परत येऊन रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारतो, ही हकिगत मी किती जणांना सांगितली असेल! भाभांचा होकार तारेनं गेला. सुरुवात झाली ती कल्याणला, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ डिशवर. आपल्या लोकलच्या कल्याणला, हे ऐकून मुंबईचे पाहुणे हमखास चमकतात.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांचं नाव कुठल्या शोधनिबंधात नसेल. आमचं काम गोंगाट शोधायचं. गाडीवर अँटेना लावून गावोगाव हिंडायचं आणि कुठल्या विजेच्या खांबावर ठिणगी उडते ते हुडकायचं. ढिला जंपर, म्हणजे खांबावरच्या तारा जोडणारा तुकडा, किंवा तडकलेला इन्सुलेटर, एवढंही दुर्बिणीला पुरतं. यंत्राचा पडदा समोर असला तरी आमचे हे साहेब आधी कानाला हेडफोन लावत. "जंपर आहे," म्हणत, आणि बहुतेक वेळा जंपरच निघे. शेतकऱ्याच्या बांधावर गाडी थांबली की आधी रामराम, मग टोमॅटोच्या भावाची चौकशी, मग खांब. माझी घाई त्यांना आवडत नसे. एकदा मी अंदाजानंच खांबाचा नंबर लिहून दिला. दुसऱ्या दिवशी लाइनमन भलत्याच खांबावर चढला. ते रागावले नाहीत. संध्याकाळी मला घेऊन पुन्हा तेवढा रस्ता पायी चालले. बोलले एक शब्द नाही. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

१९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं आणि त्याची क्षीण हाक खोडदला ऐकली जात होती. तिथून इथवर यायला त्या हाकेला जवळजवळ दहा मिनिटं लागत होती. कंट्रोल रूममध्ये मोठी माणसं. आम्ही दोघं बाहेर, चहाचे ग्लास हातात. उतरायला मिनिटभर राहिलं असताना हाक तुटली. आतून कुणीतरी येऊन सांगितलं. यान आदळलं, हे नंतर कळायचं होतं. आमच्या साहेबांनी ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि खालच्या आवाजात मला विचारलं, "आपल्याकडचा एखादा खांब तर नव्हता ना रे?"

त्या रात्री आम्ही पुन्हा गाडी काढली.