वहीचं शेवटचं पान

सोमवार, रात्री

आज विमा दवाखान्यातून आजारपणाचा दाखला मिळाला. घडी करून खिशात ठेवला. बजाजनगरच्या चौकात येईपर्यंत तीनदा खिशाला हात लावून बघितला.

वाळूजला कारखान्यात या लाइनवर सहा वर्षं झाली. कामाची भीती कधी वाटली नव्हती. दिवाळीपासून मात्र दर तासाला किती नग निघाले ते ग्रुपवर टाकायचं, कमी भरले की सगळ्यांदेखत नाव घ्यायचं, असं सुरू झालं. आधी झोप गेली, मग जेवण. रात्रपाळी करून आलो तरी डोळ्याला डोळा लागेना. फोन बंद असला तरी वाजल्यासारखा वाटायचा. गेल्या महिन्यात एका दुपारी गाडी स्टँडला लावली आणि गेटकडे पाय उचलेनात. छातीत धडधड, आणि हात इतका थरथरत होता की गाडीतली किल्ली काढता येईना. गेटवरच्या मामांनी पाणी दिलं, विचारलं काही नाही. त्यांचे उपकार विसरणार नाही.

त्या रात्री राजीनामा लिहून ठेवला होता. ही म्हणाली, "सोडायचं तर सोडा, पण आधी हिशोब मांडू." लेकराच्या जुन्या वहीचं शेवटचं पान घेतलं. खोलीभाडं ४,५००. गाडीचा हप्ता २,६५०. किराणा, दूध, गॅस ४,०००. लाइट ६००. शाळेची व्हॅन ७००. झाले १२,४५०. शिवाय भिशीचे २,००० आणि गावाकडं दादांना २,५००. ओव्हरटाइम केला तरच हे सगळं बसत होतं. नोकरी गेली तर काय, हा प्रश्न चार महिने डोक्यात गरगरत होता. कागदावर मात्र तो त्या रात्री पहिल्यांदा उतरला.

वाट दाखवली ती लाइनवरच्या परभणीच्या दोस्तानं. "आपल्या पगारातून पाऊण टक्का दर महिन्याला कापतात, तो कशाचा? ताप आला, हाड मोडलं तरच आजार का? डोक्याचा काय आजार नसतो?" तो कामगार विम्याचा, ईएसआयचा. मला खरंच माहीत नव्हतं. पगार २१,००० च्या आत असला, सहा महिन्यांत ७८ दिवसांचा हप्ता भरलेला असला, की आजारपणात रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस धरत नाहीत. माझा रोज ६०० चा, म्हणजे ४२०. महिन्याचे १२,६००. हिनं त्या १२,४५० च्या खाली हा आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

राजीनामा पाठवला असता तर हातची नोकरी गेली असती. म्हणून लिहून ठेवतो. पीएफला हात लावायचा नाही असंही ठरलं. भिशीत माझा नंबर उशिराचा होता, तो मंडळींनी आनंदानं अलीकडे दिला. २४,००० आले. त्यातूनच महिन्याचे २,००० भरत राहायचे, बाकीचे औषधपाण्याला.

डॉक्टरांपुढं बोलायला बसलो तर शब्दच फुटेना. आदल्या आठवड्यात रात्री दोनला १४४१६ वर फोन केला होता, टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, पैसे लागत नाहीत. तिकडच्या ताईंशी मराठीत बोललो होतो. त्यांना सांगितलेलंच पुन्हा सांगितलं. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, मधेच बंद करू नका, म्हणाले. आठ दिवसांनी परत दाखवायचं.

आता राहिलं गाव. या महिन्यात पैसे जमणार नाहीत हे दादांना सांगायचं. गेवराईकडं यंदा कापसाचं काय झालंय ते मला माहीत आहे. सगळ्यात जड तेच वाटतंय.

गुरुवार

मंगळवारी फोन केला होता. सांगता सांगता रडू आलं. दादा जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैशाचं राहू दी. तू जेवायलास का?"

आज सकाळी न सांगता एसटीनं आले, ज्वारीचा कट्टा घेऊन. चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. दुपारी जरा पाठ टेकली. उठलो तर पाच वाजलेले. दिवसाउजेडी एवढी झोप किती महिन्यांनी लागली, कोण जाणे. दादा दारात बसून सुपात ज्वारी निवडत होते.