दुरुस्ती मेळाव्याचं खरं काम नोंदणीच्या टेबलावर

दुरुस्ती मेळावा भरवायचा म्हटलं की सगळे आधी सोल्डरिंग येणारी माणसं शोधायला निघतात. ती लागतातच. पण मेळावा फसतो तो बहुतेक वेळा नोंदणीच्या टेबलावर: नको त्या वस्तू आत आल्या, वस्तू ठेवून मालक निघून गेला, किंवा तीन तासांत चाळीस वस्तू घेऊन बसले.

कल्पना साधी आहे. एखाद्या हॉलमध्ये टेबलं मांडायची, लोकांनी बंद पडलेल्या वस्तू आणायच्या आणि जाणकारांनी त्या मालकाला शेजारी बसवून उघडायच्या. २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्तमा यांनी 'रिपेअर कॅफे' या नावाने असा पहिला मेळावा भरवला आणि आता तो कित्येक देशांत होतो. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाला, हे पाहता मेळाव्याने कचरा संपेल असं कुणी समजू नये. त्याचा खरा उपयोग वस्तू उघडून बघायची लोकांची भीती जाते, हा.

आधी हिशेब. मेळावा तीन तासांचा, दुरुस्ती करणारे पाच. एका वस्तूला सरासरी ४५ मिनिटं धरायची. उघडायला आणि पुन्हा जोडायलाच त्यातला निम्मा वेळ जातो. शेवटचा अर्धा तास हिशेबात धरायचा नाही, त्यात नवी वस्तू घ्यायची नाही. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन वस्तू, एकूण पंधरा. सोळाव्या माणसाला दारातच पुढच्या महिन्याची तारीख द्यावी. दोन तास ताटकळवून परत पाठवलेला माणूस पुन्हा येत नाही.

नोंदणीच्या चिठ्ठीवर वस्तू, कंपनी, अंदाजे वय, वजन आणि तक्रार मालकाच्याच शब्दांत लिहावी. 'बंद आहे' एवढ्यावर थांबू नये. अचानक बंद पडली की हळूहळू? वास आला होता का? पडली होती का, पाणी गेलं होतं का? या चार प्रश्नांत निम्मं निदान होतं. वजन घ्यायचं कारण वेगळं: वर्षअखेरीस हॉल देणाऱ्याला किंवा देणगीदाराला किती किलो वस्तू वाचल्या ते सांगता येतं. निकालाचे रकाने तीनच ठेवा: दुरुस्त झाली, होण्यासारखी आहे, संपली. 'थोडी चालते' असा चौथा रकाना केला की सगळं त्यातच जाऊन पडतं.

मालकाने शेजारी बसायचं, हा नियम मोडू देऊ नका. 'संध्याकाळी घेऊन जाईन' म्हणून ठेवलेल्या वस्तूंचा ढीग सहा महिन्यांत हॉलचं गोदाम करतो. शिवाय पेच मालकाने काढले की जबाबदारीचाही प्रश्न सोपा होतो. वस्तू आधीच बिघडलेली आहे आणि दुरुस्तीची हमी नाही, हे चिठ्ठीवर छापून त्याखाली सही घ्यावी.

काही वस्तू दारातूनच परत पाठवायच्या. मायक्रोवेव्ह: त्यातला वीज साठवणारा कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या घरातला असतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. फुगलेली लिथियम बॅटरी: टोचली की पेटते, म्हणून ती चार्ज न करता, न दाबता थेट बॅटरी-संकलनाकडे. गॅसवर चालणारं काहीही. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही. दुरुस्त करणारा कितीही तयारीचा असला तरी हॉलमध्ये लहान मुलं फिरत असतात.

कपड्यांचं टेबल सगळ्यात कमी त्रासाचं. एवढंच लक्षात ठेवा की चेन मागून उघडी पडत असेल तर दोष बहुतेक वेळा दातांचा नसून सैल झालेल्या धावकाचा, म्हणजे दातांवरून सरकणाऱ्या तुकड्याचा असतो. पकडीने त्याच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या, आळीपाळीने दाबल्या की काम होतं. जोरात दाबलं तर तो तुटतो.

आता इस्त्री, कारण ती येतेच येते. प्लग भिंतीतून बाहेर, थर्मोस्टॅटची चकती सर्वांत वर आणि मल्टिमीटर प्लगच्या दोन पिनांवर. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १००० वॅटच्या इस्त्रीला साधारण ५३ ओहम दिसायला हवेत (व्होल्टचा वर्ग भागिले वॅट). काहीच दिसलं नाही तर आधी वायर. ती इस्त्रीत शिरते तिथे रोज वाकते, म्हणून तिथेच आतून तुटते. मीटर लावून वायर हलवा. आकडा येत-जात असेल तर तुटका भाग कापून पुन्हा जोडा. मग थर्मोस्टॅटचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट, मग थर्मल फ्यूज (ठरावीक तापमानाला उडून वीज तोडणारा), सगळ्यात शेवटी एलिमेंट. एलिमेंट गेलं असेल तर खटपट सोडा.

थर्मल फ्यूजशी दोन चुका हमखास होतात. पहिली, तो काढून तिथे सरळ तार जोडणं. इस्त्री चालू होते आणि पुढे कधीतरी आग लावते. दुसरी, नवा फ्यूज सोल्डर करणं. इस्त्रीतला फ्यूज २४० अंशांच्या आसपासचा असतो आणि नेहमीचं शिसं-कथील सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळतं, म्हणजे जोड आधी सुटणार. त्यातून सोल्डरिंग करतानाच फ्यूज उडण्याची शक्यता वेगळी. धातूची नळी दाबून, क्रिंप करूनच जोडायचा, तापमान आणि अँपिअर जुन्याइतकेच ठेवायचे, वरचं काचतंतूचं आवरण परत चढवायचं. आणि फ्यूज कशामुळे उडाला, हे शोधायचं. थर्मोस्टॅट चिकटून बसला असेल तर नवा फ्यूजही जाणार.

मोटर असलेल्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू पहिल्यांदा चालू करताना सिरीज दिवा, म्हणजे वस्तूकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच जोडलेला बल्ब लावावा: १०० वॅटचा तारेचा बल्ब, एलईडी नव्हे. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि वस्तू वाचते. इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तूंना मात्र तो काही सांगत नाही, चांगली इस्त्रीही त्याला जवळपास पूर्ण पेटवते. टेबलांचा सगळा पुरवठा ३० मिलिअँपिअरच्या गळती-संरक्षक स्विचमधून घ्यावा. यात काटकसर नको.

शेवटची तपासणी वस्तू उघडणाऱ्याने करू नये, दुसऱ्याने करावी. अर्थिंग असलेल्या वस्तूत अर्थची पिन आणि धातूचं अंग यांत जवळपास शून्य ओहम हवेत. मीटरच्या वायरींचाच थोडा रोध असतो, तो वजा करा. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) इन्सुलेशन: अर्थिंगवाल्या वस्तूला किमान १ मेगाओहम, चौकोनात चौकोन हे चिन्ह असलेल्या दुहेरी इन्सुलेशनच्या वस्तूला किमान २. हे काम साध्या मल्टिमीटरवर भागत नाही, तो फार कमी व्होल्टवर मोजतो आणि कमकुवत इन्सुलेशन त्याला धडधाकट दिसतं. तपासणीत नापास झालेली वस्तू चालत असली तरी 'दुरुस्त' रकान्यात जात नाही. यावर दर वेळी वाद होतो, होऊ द्यावा.

वस्तीतले दुरुस्तीवाले अशा मेळाव्याकडे संशयाने पाहतात आणि त्यात वावगं काही नाही. त्यांचं पोट त्यावर आहे. म्हणून 'होण्यासारखी आहे' रकान्यातल्या वस्तू, म्हणजे सुटा भाग मागवायचा आहे, मोटर भरायची आहे अशा, त्यांच्याकडे नाव-पत्ता देऊन पाठवाव्यात. त्यांच्यातला कुणी शिकवायला आला तर त्याच्या तासांचे पैसे द्यावेत. हौशी लोकांनी फुकट काम करणं वेगळं, धंदेवाल्याकडून फुकट करून घेणं वेगळं. दानपेटीतून सोल्डर, क्रिंप, धागे, साफसफाईचं अल्कोहोल आणि नवे फ्यूज एवढं निघालं तरी बरं चाललं म्हणायचं.

'संपली' रकान्यातली वस्तू मालकाने सोडली तर कचऱ्यात देण्यापूर्वी वायर, स्विच, नॉब, पेच आणि रबरी पाय काढून डबे भरा. कपॅसिटर आणि थर्मल फ्यूज मात्र जुने ठेवू नका. त्यांचं उरलेलं आयुष्य मीटरवर कळत नाही.