सर्व्हिस बंद पडल्याचे कळायला लागलेले १९ दिवस

आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या मराठी मासिकांचे अंक स्कॅन करण्याचे काम गेली काही वर्षे चालू आहे. त्यासाठी भाड्याने घेतलेल्या एका लहानशा सर्व्हरची देखभाल मी पुण्यातून करतो. वाचनालयात स्कॅन झालेले पान सर्व्हरवर चढले, की मागे सतत चालणारी एक सर्व्हिस ते उचलते, टेसरॅक्ट या चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडून त्यातील मराठी मजकूर ओळखून घेते आणि तो शोधाच्या सूचीत घालते. ही सर्व्हिस कोणाच्या डोळ्यांसमोर नसते. ती थांबली तरी वाचनालयाचे संकेतस्थळ नेहमीसारखे उघडते, आधीचे अंक सापडतात आणि नवे पान चढवताना कोणतीही चूक दिसत नाही.

एके दिवशी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. “दादा, मागच्या पंधरवड्यात चढवलेले अंक शोधात सापडतच नाहीत हो, माझं काही चुकतंय का?” असे त्यांनी विचारले. त्यांचे काहीही चुकले नव्हते. सर्व्हिस १९ दिवसांपासून एकही पान पुढे सरकवत नव्हती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. एवढे दिवस त्या आपल्याच हातून काही राहते आहे असे समजून तेच अंक पुन्हा पुन्हा चढवत होत्या, ही गोष्ट मला बिघाडापेक्षा जास्त लागली.

विशेष म्हणजे अलर्टची व्यवस्था मी आधीच केलेली होती. आमच्या सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे आणि त्यासोबत सिस्टीमडीची, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची, २५२ वी आवृत्ती येते. सिस्टीमडीच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे एखादी सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये, ‘ऑनफेल्युअर’ नावाची एक ओळ लिहिता येते. ती सर्व्हिस ‘फेल्ड’ अवस्थेत गेली, की या ओळीत नाव दिलेले दुसरे युनिट आपोआप सुरू होते, आणि त्या दुसऱ्या युनिटने निरोप पाठवायचा असतो. माझ्या फाइलमध्ये ही ओळ होती, तिच्यातील नाव बरोबर होते आणि निरोप पाठवणारी स्क्रिप्टही हाताने चालवली असता नीट चालत होती. तरीही १९ दिवसांत एकही निरोप आला नाही, कारण सिस्टीमडीच्या दृष्टीने ती सर्व्हिस कधी ‘फेल्ड’ झालीच नव्हती. नापास झालेल्या सर्व्हिसची यादी मागितली तर ती रिकामी होती. स्थिती विचारली तर ‘पुन्हा सुरू होत आहे’ असे उत्तर मिळत होते. ‘एनरीस्टार्ट्स’ हा आकडा, म्हणजे ती सर्व्हिस आतापर्यंत किती वेळा आपोआप पुन्हा सुरू केली गेली त्याची मोजणी, पाहिला तेव्हा तो ५४ हजारांच्या पुढे गेलेला होता.

हा आकडा कसा झाला ते सविस्तर सांगायला हवे, कारण ही चूक पुष्कळ युनिट फाइलींमध्ये असणार असे मला वाटते. एका अंकात घडी घालून जोडलेला एक मोठा नकाशा होता. ३० इंच बाय ४० इंच आकाराचा तो नकाशा ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या दराने, स्कॅन झाला, म्हणजे १८,००० गुणिले २४,००० असे एकूण ४३ कोटी २० लाख पिक्सेल झाले. रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट लागतात, त्यामुळे ते चित्र नुसते उघडायलाच सुमारे १.३ जीबी मेमरी हवी होती, आणि आमच्या सर्व्हरची सगळी मेमरी २ जीबी आहे. मेमरी संपत आली, की लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सर्वाधिक मेमरी खाणारी प्रक्रिया मारून टाकतो. त्याने माझी सर्व्हिस मारली. युनिट फाइलमध्ये ‘रीस्टार्ट’ या ओळीत बिघाड झाल्यास पुन्हा सुरू करण्याचा आदेश होता, त्याप्रमाणे सिस्टीमडीने १० सेकंद थांबून ती पुन्हा सुरू केली. रांगेत पहिला तोच नकाशा होता. सर्व्हिसने तो उचलला आणि सुमारे २० सेकंदांत ती पुन्हा मारली गेली. एक फेरी ३० सेकंदांची धरली तर दिवसाला २,८८० फेऱ्या होतात आणि १९ दिवसांत ५४,७२०.

सिस्टीमडीला यावर आळा घालता येतो, पण त्याचे हिशेब आपण बिघडवू शकतो. मूळ नियम असा आहे, की १० सेकंदांच्या आत एखादी सर्व्हिस ५ वेळा सुरू करून झाली आणि तरीही ती पुन्हा सुरू करण्याची पाळी आली, तर प्रयत्न सोडून द्यायचा आणि तिला ‘फेल्ड’ ठरवायचे. दोन प्रयत्नांमधील थांबा मुळात फक्त १०० मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे सुरू होताक्षणी पडणारी सर्व्हिस एक-दोन सेकंदांत ही मर्यादा गाठते आणि ‘ऑनफेल्युअर’चे काम सुरू होते. मी मात्र सर्व्हरवर ताण नको, या चांगल्या हेतूने हा थांबा १० सेकंदांचा केला होता. त्यानंतर १० सेकंदांत ५ वेळा सुरू होणे अशक्यच झाले. मर्यादा कधीच गाठली जाणार नव्हती, म्हणून निरोपही कधीच निघणार नव्हता. ‘रीस्टार्ट’ लिहिलेली सर्व्हिस ही मर्यादा ओलांडल्यावरच ‘फेल्ड’ होते, हे सिस्टीमडीच्या माहितीपुस्तिकेत एका वाक्यात स्पष्ट लिहिलेले आहे. मी ते वाक्य वाचले होते, पण शेजारच्या आकड्यांशी त्याचा संबंध लावून पाहिला नव्हता.

आता मी ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक’ म्हणजे मोजणीचा अवधी ६०० सेकंद ठेवला आहे आणि ‘स्टार्टलिमिटबर्स्ट’ म्हणजे प्रयत्नांची संख्या ५. प्रत्येक फेरी ३० सेकंदांची झाली तरी ५ फेऱ्या १५० सेकंदांत संपतात, आणि अडीच मिनिटांत सिस्टीमडी हात टेकते व मला निरोप येतो. हे आकडे ठरवताना थांबा आणि सर्व्हिस पडेपर्यंत जाणारा वेळ यांची बेरीज करावी, तिला प्रयत्नांच्या संख्येने गुणावे आणि मोजणीचा अवधी त्या गुणाकारापेक्षा बराच मोठा ठेवावा. मर्यादा गाठल्यानंतर सर्व्हिस हाताने सुरू करायला गेलो तरी अवधी संपेपर्यंत सिस्टीमडी नकार देते, त्यामुळे दुरुस्ती झाल्यावर आधी ‘रीसेट-फेल्ड’ हा आदेश द्यावा लागतो. मोजणीच्या या दोन्ही ओळी आणि ‘ऑनफेल्युअर’ची ओळ फाइलच्या ‘युनिट’ विभागात लिहायची असते, तर ‘रीस्टार्ट’ आणि थांब्याची ओळ ‘सर्व्हिस’ विभागात. ‘ऑनफेल्युअर’ चुकून ‘सर्व्हिस’ विभागात गेली, तर सर्व्हिस बिनतक्रार सुरू होते, जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमडीच्या नोंदवहीत, ‘ही ओळ ओळखली नाही, सोडून देत आहे’ अशी एक नोंद पडते आणि आपण निश्चिंत राहतो. म्हणून फाइल बदलली, की ‘सिस्टीमडी-ॲनलाइझ व्हेरिफाय’ हा फाइल तपासणारा आदेश चालवल्याशिवाय मी आता पुढे जात नाही.

निरोप पाठवणारे युनिट मी टेम्प्लेट स्वरूपात लिहिले आहे. त्याच्या नावात ॲटचे चिन्ह असते आणि ‘ऑनफेल्युअर’च्या ओळीत त्या चिन्हापुढे टक्क्याचे चिन्ह व एन हे अक्षर लिहिले, की पडलेल्या सर्व्हिसचे पूर्ण नाव तेथे आपोआप येते. त्यामुळे शोध, स्कॅन, बॅकअप अशा सर्वांसाठी एकच युनिट पुरते. सिस्टीमडीच्या २५१ व्या आवृत्तीपासून या युनिटला पडण्याचे कारणही चलांतून (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) मिळते: मेमरी संपली, वेळेची मर्यादा उलटली, की प्रक्रिया शून्याखेरीज अन्य संकेतांक (शून्य म्हणजे यश) देऊन बाहेर पडली. निरोप ग्रंथपाल बाईंनाही जावा असे मी ठरवले होते, म्हणून स्क्रिप्टमध्ये या प्रत्येक कारणापुढे साधे मराठी वाक्य लिहिले. मेमरी संपल्याचे सांगणारा ‘ओओएम-किल’ हा शब्द त्यांच्या काही उपयोगाचा नाही. ‘हे पान फार मोठे असल्याने मेमरी पुरली नाही’ हे वाक्य आहे.

हा निरोप टेलिग्रामच्या बॉटमार्फत जातो. ई-मेलचा मार्ग मी सोडला, कारण लहान सर्व्हरवरून थेट निघालेली पत्रे बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतात आणि अलर्टचे पत्र तेथे पडणे म्हणजे ते न येण्यासारखेच. टेलिग्रामच्या मार्गावरही दोन अडचणी आल्या. जर्नलमधील शेवटच्या ओळी निरोपाला जोडताना मी ठळक अक्षरांसाठी मार्कडाउन, म्हणजे चिन्हांनी मजकूर सजवण्याची पद्धत, वापरले होते, पण फाइलींच्या नावांतील अंडरस्कोअरमुळे ते बिघडले आणि टेलिग्रामने निरोप नाकारला. त्या वेळी निरोप टेलिग्रामकडे नेणाऱ्या कर्ल या प्रोग्रॅमने मात्र यश कळवले, कारण ‘फेल’ हा पर्याय दिलेला नसेल तर सर्व्हरने ४०० क्रमांकाची चूक परत केली तरी कर्ल शून्य हाच संकेतांक देते. आता मजकूर साधा जातो, ‘फेल’ पर्याय दिलेला आहे, न जमल्यास तीन वेळा पुन्हा प्रयत्न होतो, आणि एका निरोपाच्या ४,०९६ अक्षरांच्या मर्यादेत राहण्यासाठी जर्नलच्या शेवटच्या १५ ओळीच घेतल्या जातात. त्या ओळी वाचता याव्यात म्हणून स्क्रिप्ट चालवणाऱ्या युजरला ‘सिस्टीमडी-जर्नल’ गटात घालावे लागते.

प्रत्येक युनिट फाइलमध्ये ही ओळ घालत बसण्याऐवजी ‘सर्व्हिस.डी’ नावाच्या फोल्डरात एक लहान फाइल ठेवली, की ती सगळ्या सर्व्हिसना लागू होते. येथे एक काळजी अगत्याची आहे. ती ओळ निरोप पाठवणाऱ्या युनिटलाही लागू होते, त्यामुळे इंटरनेट बंद असताना निरोप फसला, तर फसल्याचा निरोप पाठवण्यासाठी दुसरे युनिट, त्याच्यासाठी तिसरे, अशी साखळी सुरू होऊ शकते. त्या युनिटच्या स्वतःच्या फोल्डरात त्याच नावाची फाइल देव-नलकडे, म्हणजे लिनक्समधील कायम रिकाम्या असलेल्या फाइलकडे, वळवून ठेवली, की ही साखळी तुटते.

अलर्ट विनाकारण आला तर लोक तो वाचणे सोडतात, आणि ग्रंथपाल बाईंच्या बाबतीत मला हा धोका घ्यायचा नव्हता. आमचे शोधाचे इंजिन जावावर चालते. जावाची प्रक्रिया शिस्तीत थांबवली तरी ती १४३ हा संकेतांक देऊन बाहेर पडते आणि सिस्टीमडीला तो बिघाड वाटतो. त्यामुळे मी अपडेटसाठी ते इंजिन थांबवले, की दरवेळी खोटा अलर्ट निघत असे. ‘सक्सेसएक्झिटस्टेटस’च्या ओळीत १४३ लिहिल्यावर तो थांबला. याची उलट बाजूही लक्षात ठेवावी लागते: चूक झाल्यावरही जो प्रोग्रॅम शून्य देऊन बाहेर पडतो, तो सिस्टीमडीच्या लेखी यशस्वीच असतो. आमची बॅकअपची स्क्रिप्ट अशीच होती. मधला आदेश फसला तरी शेवटचा आदेश यशस्वी झाल्याने तिचा संकेतांक शून्य येत असे.

चाचणी घेताना मी आधी सर्व्हिसला साधा ‘किल’ दिला आणि निरोप का आला नाही, यात बराच वेळ घालवला. साध्या ‘किल’चा सिगटर्म हा संकेत सिस्टीमडी शिस्तीत थांबण्याची सूचनाच मानते, त्यामुळे त्याने सर्व्हिस ‘फेल्ड’ होत नाही. त्यासाठी प्रक्रिया जबरदस्तीने मारणारा सिगकिल हा संकेतच द्यावा लागतो, आणि ‘रीस्टार्ट’ लिहिलेले असेल तर मर्यादा भरेपर्यंत तो पाचही वेळा द्यावा लागतो. नुसता निरोपाचा मार्ग तपासायचा असेल, तर ‘फॉल्स’ हा आदेश चालवणारी एक खोटी सर्व्हिस पुरते. ती मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला टायमरने चालवतो. त्या दिवशी निरोप आला नाही, तर व्यवस्थाच बिघडली आहे असे समजतो.

एवढे करूनही दोन गोष्टी सुटतात. सर्व्हिस अर्धा तास नीट चालून पडत असेल, तर ६०० सेकंदांत ५ प्रयत्न होत नाहीत. म्हणून रोज सकाळी एक टायमर एनरीस्टार्ट्सचे आकडे पाहतो आणि कालच्यापेक्षा दहाने वाढले असतील तर कळवतो. दुसरी गोष्ट म्हणजे अख्खा सर्व्हरच बंद पडला, तर निरोप पाठवायला कोणीच उरत नाही. त्यासाठी सर्व्हर दर तासाला बाहेरच्या एका हेल्थचेक सेवेला हजेरी देतो, आणि हजेरी चुकली की ती सेवा मला कळवते.

स्कॅनच्या सर्व्हिसला आता ‘मेमरीमॅक्स’ या ओळीने मेमरीची मर्यादा घातलेली आहे आणि एकाच पानावर ती तीनदा पडली, तर पुढच्या वेळी सुरू होताना ते पान वेगळ्या फोल्डरात सरकवून, तसा निरोप पाठवून पुढच्या पानाकडे वळते. गेल्या आठवड्यात रात्री पावणेबाराला निरोप आला, की एका दिवाळी अंकातील जोडपान फार मोठे असल्याने बाजूला ठेवले आहे. सकाळी लॅपटॉप उघडेपर्यंत टेलिग्रामच्या त्याच गटात ग्रंथपाल बाईंचा संदेश येऊन पडला होता: “ते पान ३०० वर पुन्हा स्कॅन करून चढवलं, बघा बरं आता.” मी शोधून पाहिले, पान सूचीत आले होते.