मेल्टरचं निगेटिव्ह उतरलं ती रात्र

अणुकचरा वितळलेल्या काचेत मिसळून त्याची काच करतात असं सांगितलं की लोक काचेबद्दलच विचारतात, ती फुटत नाही का, पाण्यात राहिली तर काय. धुराचं कोणी विचारत नाही, आणि माझी अर्धी नोकरी त्या धुरामागेच गेलीय.

तारापूर, ट्रॉम्बे, कल्पक्कमला खरे प्लांट आहेत. आमचा नुसता ट्रायल रन होता, नायट्रिक ॲसिडमधला बिनकिरणोत्सारी द्रव, त्यात साधं सीझियम. काच हजार डिग्रीच्या आसपास, वरून फीड, म्हणजे तोच द्रव, पडतंय, वाफ उठतेय, नायट्रेट फुटून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतायत. म्हणून मेल्टरच्या, म्हणजे काच वितळवणाऱ्या भट्टीच्या, आत प्रेशर बाहेरपेक्षा कायम कमी ठेवायचं, यालाच आम्ही निगेटिव्ह म्हणतो, कुठे फट असलीच तर हवा आत जावी, धूर बाहेर येऊ नये. रात्री तीनच्या सुमारास या निगेटिव्हचा आकडा उणे 50 मिलिमीटर वॉटर कॉलमवरून (प्रेशरचं माप) उणे 40 वर आला, मग 25, मग 10. धूर ओढून घेणारा ब्लोअर तर फुल्ल चालू होता!

फीड बंद केलं की वाफ कमी होते आणि प्रेशर सावरतं. पण काचेवर न वितळलेल्या फीडचा थर तरंगत असतो ना, कोल्ड कॅप म्हणतो आम्ही, तो वितळून जातो आणि उघड्या काचेतून सीझियम आणखी उडायला लागतं. खऱ्या प्लांटात ते सीझियम-137 असतं, अर्धायुष्य 30 वर्षं, आणि जोडीला रुथेनियम, जे वायू होऊन पुढे सरकतं आणि गार पाइपात काळा थर होऊन बसतं. हे सगळं डोक्यात असूनही मी फीड बंद केलं, कारण तो तांबूस धूर हॉलमध्ये आला असता तर आमच्या माणसांच्या फुफ्फुसात गेला असता. सगळ्यांना मास्क लावायला सांगितलं, माझे हात अक्षरशः गार पडले होते.

धूर मेल्टरमधून बाहेर पडतो तिथे फिल्म कूलर असतो, पाइपाच्या भिंतीलगत हवेचं अस्तर सोडायचं म्हणजे चिकट धूळ भिंतीला न लागता गार होऊन पुढे स्क्रबरमध्ये, म्हणजे धूर धुऊन काढणाऱ्या यंत्रात, जाते. त्या हवेचा रोटामीटर, म्हणजे नळीतल्या तरंगत्या फ्लोटवरून प्रवाह दाखवणारा मीटर, अगदी बरोबर आकडा दाखवत होता. शिफ्टच्या काकांनी त्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि फ्लोट खाडकन तळाला बसला. "साहेब, हा कधीचा अडकलाय, हवाच नाहीये लाइनला."

सगळं गार झाल्यावर पाइप उघडला, चार इंची पाइपात जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट उरली होती. वरचा थर पिवळसर, पिठासारखा, बोटाला लागणारा, आणि मेल्टरच्या बाजूला तोच काचेसारखा घट्ट झालेला, छिन्नी लावली की टणटण वाजायचा. काढायला दोन दिवस गेले. खऱ्या प्लांटात हेच काम जाड काचेच्या खिडकीमागून मॅनिप्युलेटरने, म्हणजे लांबून चालवायच्या यांत्रिक हाताने, करावं लागलं असतं, हा विचार मला तेव्हा पाइपाशेजारी बसल्या बसल्या आला आणि पोटात गोळाच आला.

फिल्म कूलरच्या दोन्ही टोकांमधला प्रेशर ड्रॉप दाखवणारा वेगळा मीटर आम्ही लगेच बसवून घेतला, अलार्मसकट. काका मात्र त्यानंतरही दर तासाला येऊन रोटामीटरला टकटक करायचे, आणि ते सुट्टीवर असले की मी करायचो.