एका मोडी पत्राची तेरा वर्षं

साताऱ्यातली मोडी पत्रं आणि युरोपातल्या एका ग्रंथालयातली मोडी पत्रं एकाच सूचीत, तारखेच्या क्रमाने दिसावीत, असं हे काम. त्या दिवशी तिकडून चाचणीची प्रत आली आणि पहिल्याच पानावर अडलो. शिक्का माधवराव बल्लाळ प्रधानांचा, आणि शेजारी तारीख फेब्रुवारी १७५९. आमचे मोडीवाचक गुरुजी चष्मा वर सरकवून म्हणाले, "अहो, नानासाहेब हयात असताना माधवरावांचा शिक्का कुठून येणार?" नानासाहेब गेले जून १७६१ मध्ये, म्हणजे पानिपतानंतर. पत्र पानिपतानंतरचं, सूचीने ते पानिपताआधी टाकलेलं.

मूळ कागद पेटीतून काढला. शेवटची ओळ स्वच्छ होती: छ १२ जमादिलाखर, सन इसन्ने सबैन मया व अलफ. 'छ' म्हणजे चंद्र. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, सन ११७२. हा शुहूर सन. मृग लागला की हा सन बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे साल १७७१-७२ चं.

घोळ असा झाला, की साल सूर्याचं असलं तरी महिने चंद्राचे, हिजरीचेच. आमच्या तक्त्यात तारखेचा रकाना एकच होता आणि त्यात '११७२ जमादिलाखर १२' एवढंच भरलेलं. तिकडच्या प्रणालीने महिन्याचं नाव पाहिलं, हिजरी सन धरला आणि हिजरी ११७२ चं रूपांतर केलं. गणित बरोबर, पंचांग चुकीचं, पत्र सुमारे तेरा वर्षं मागे. प्रणालीला बोल लावण्यात अर्थ नाही. कुठल्या पंचांगाची तारीख आहे हे सांगणारा रकाना आम्हीच ठेवला नव्हता.

तारखेवर एवढा जीव का टाकायचा? कारण मराठ्यांचे कागद एका जागी राहिलेले नाहीत. मेणवलीचं नाना फडणिसांचं दप्तर इतिहाससंशोधक पारसनीसांच्या संग्रहात साताऱ्याला आलं, तो संग्रह पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तंजावरकरांचे मोडी कागद तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या डॅनिश वखारीमार्फत थेट कोपनहेगनला पोचले. पत्र एका गावात आणि त्याचं उत्तर दुसऱ्या खंडात, हे आपल्याकडे नवल नाही. आयआयआयएफ या छायाचित्रं वाटून घेण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत छायाचित्र ज्याचं त्याच्याच सर्व्हरवर राहतं. पानांचा क्रम आणि माहिती सांगणारी एक छोटी फाइल तेवढी द्यायची, मग जगातल्या कुठल्याही वाचकाला दोन संग्रहांतली पानं शेजारी-शेजारी उघडता येतात. पण कुठलं पान कुणाच्या शेजारी ठेवायचं, हे ठरतं तारखेवरून. ती चुकली की पत्र आणि उत्तर पुन्हा दुरावतात, आणि या वेळी ते आपल्या हातून होतं.

साडेअकराला, म्हणजे त्यांच्या सकाळी आठला, व्हिडिओ कॉल झाला. तारखेसाठी चार रकाने ठरले. पहिल्यात मुळातली ओळ जशीच्या तशी, अरबी शब्दांसकट. दुसऱ्यात पंचांगाचं नाव. तिसऱ्यात इसवी तारीख, तीही एक दिवस नाही, तर आरंभ आणि अखेर: इथे २१ ते २३ सप्टेंबर १७७१. चंद्रदर्शनावर महिना सुरू होतो, ढगाळ आभाळात एखादा दिवस इकडेतिकडे होतोच. चौथ्यात, हे रूपांतर कुणी आणि कशावरून केलं. पहिल्या रकान्याला यापुढे कुणीच हात लावायचा नाही. रूपांतर हे आपलं मत आहे, ते उद्या सुधारेल. मुळातली ओळ हा पुरावा आहे.

रूपांतराची रीत अशी. शुहूर सनावरून इसवीची दोन मृगांमधली मुदत काढायची, मग तो चांद्र महिना त्या मुदतीत कुठल्या हिजरी सालात पडतो ते पाहायचं. ११७२ सालातला जमादिलाखर हिजरी ११८५ चा. पडताळ्याला तिथी घ्यायची: छ १२ म्हणजे साधारण शुद्ध त्रयोदशी. शके १६९३, खरनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, जुळलं.

पण एक खाच आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, मृगसाल ३६५ चं. उरलेल्या अकराएक दिवसांमुळे काही तारखा एकाच सालात दोनदा येतात. ११७२ मध्ये सफर महिन्याचे शेवटचे आठ-दहा दिवस असे आहेत: एकदा जून १७७१ मध्ये, मृग लागल्यावर लगेच, आणि पुन्हा मे १७७२ च्या अखेरीस, पुढचा मृग लागण्याआधी. इथे यंत्राने निवड करायचीच नाही, दोन्ही तारखा दाखवून नोंद माणसाकडे पाठवायची.

आमच्याकडे असं एक पत्र होतं, छ २६ सफरचं. मजकुरावरून निकाल लागेना. छायाचित्र ४०० पीपीआयचं, रंगपट्टी आणि मोजपट्टी लावून काढलेलं, तरी फक्त लिहिलेल्या बाजूचं. पाठ कोरी समजून सोडलेली. कागद पुन्हा काढला. जुनी शाई काजळीची, कागदावर बसलेली. ओल लागली की पसरते, म्हणून घडी उलगडायला पाण्याची वाफ द्यायची नाही, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये हलक्या वजनाखाली रात्रभर ठेवायचं. हात धुऊन कोरडे केलेले. मोजे घातले की कागदाची कड बोटाला कळत नाही आणि फाटते. शाई सुकवायला टाकलेल्या वाळूचे कण अक्षरांवर अजून चमकतात, म्हणून कागद स्कॅनरच्या काचेवर पालथा घालत नाही, वरून कॅमेरा लावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ उलटली. कोपऱ्यात, घडीच्या आत, दीड ओळ: पैवस्ती छ ९ रबिलावल, सन सलास सबैन. पैवस्ती म्हणजे पत्र पोचल्याची नोंद, रबिलावल हा सफरनंतरचा महिना, सलास म्हणजे तीन. पत्र पोचलं तेव्हा सन ११७३ लागलेला होता, म्हणजे वाटेत मृग लागला. जून १७७१ चं पत्र असतं तर पोचतानाही इसन्नेच लागला असता. पत्र मे १७७२ चं.

गुरुजींनी ओळ मोठ्याने दोनदा वाचली. मग रुमालातलं, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातलं, पहिलं पत्र पुन्हा उघडलं आणि सगळ्यांच्या पाठी कॅमेऱ्याखाली घ्यायला सुरुवात केली.