आठशेचा बूट

परतवाड्यात माझं चपला-बुटांचं दुकान आहे. पुढे विक्री, मागे दुरुस्ती, आणि पोट चालतं ते मागच्या बाजूवर. हिवाळ्यात तारेच्या कुंपणानं फाटलेले आणि चुलीजवळ वाळवून सोल सुटलेले बूट येतात. चुलीशी ठेवलं की कातडं तडकतं न् सोल्युशन सुटतं, हे पंचवीस वर्षं सांगतोय. गिऱ्हाईक हो म्हणतं आणि पुढच्या वर्षी तोच बूट घेऊन येतं.

मागच्या डिसेंबरात एक जुने गिऱ्हाईक आले. आम्ही सगळे त्यांना काकाजीच म्हणतो. खताच्या पिशवीतून त्यांनी बुटांची जोडी काढली. पोटरीपर्यंत उंच, तपकिरी, एकेक बूट हातात घेतला तर खलबत्त्याएवढा जड. मुलगा मिनेसोटात नोकरीला, त्यानं पाठवलेले.

"तिकडं हरणाच्या शिकारीले घालतेत म्हने," काकाजी हसले.

तिकडे नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो. माणसं उजाडायच्या आधी झाडावरच्या मचाणावर चढतात आणि थंडीत तासन् तास न हलता बसतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद. पण काकाजी हरभऱ्याच्या जागलीला रात्र-रात्र मचाणावर बसतात, रानडुकरं हाकलायला. म्हणजे बसणं तेच, फक्त हातात बंदुकीऐवजी डबा आणि काठी.

बूट मी मन लावून पाहिला. असं काम रोज हाताखालून जात नाही. अंगठ्यानं दाबलं की बारीक सुरकुती पडायची आणि बोट उचललं की नाहीशी व्हायची. म्हणजे अख्ख्या जाडीचं कातडं, वरून रंगाचा लेप दिलेलं फाळकं नव्हे. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली, तिथून पाणी शिरायला वाव नाही. सोल वेल्टवर, म्हणजे बुटाच्या कडेनं फिरवलेल्या पट्टीवर टाचलेला, झिजला तर बदलता येतो. आत चिठ्ठी होती: थिन्सुलेट, ८०० ग्रॅम.

हा आकडा वाचून लोक फसतात. ८०० म्हणजे त्या उबदार अस्तराचं दर चौरस मीटरचं वजन. जितका आकडा मोठा तितका बूट चांगला, असं नाही. आठशे बसणाऱ्यासाठी. चालणाऱ्याला दोनशे-चारशे पुरे. जास्त झालं की पाय घामेजतो, मोजा ओला होतो आणि माणूस थांबला की तोच ओलावा पाय गारठवतो. काकाजी अर्धी रात्र स्प्रिंकलरचे पाईप बदलत फिरतात, कारण लाईन रात्रीची, आणि उरलेली अर्धी मचाणावर. अशा माणसासाठी एकच बूट कुठल्याच कारखान्यात निघत नाही.

डाव्या बुटाला घोट्याच्या बाजूला तीन बोटं चीर गेली होती. तारच. मी आतून मऊ कातड्याचं ठिगळ लावलं, दोऱ्याला मेण चोळलं आणि आरीनं हातशिलाई केली. टाका टाक्याला लागून. बाप असता तर पाठ थोपटली असती. साठ रुपये घेतले, तेही काकाजींनी दिले म्हणून.

दहा दिवसांनी परत आले. "एकाच पायात पानी येते रे! अन् बोटं तं दोन्ही पायाची बरफ. गरम बूट म्हंते अन् बोटं बरफ!"

बोटांचं कोडं लगेच सुटलं. काकाजींच्या चपलेचा नंबर आठ, म्हणून मुलानं आठच घेतला. पण आपले नंबर इंग्लंडच्या मापाचे. अमेरिकेचा आठ म्हणजे आपला जवळपास सात. पाय ठासून भरलेला, रक्त फिरायला जागा नाही, लोकरी मोजा तर घालताच येत नाही. त्यात काकाजींचे मोजे सुती. आतली सगळी ऊब फुकट.

डाव्या पायाचं कळायला अस्तर उसवावं लागलं. रापीनं कड उचलली तर कातडं आणि ओल्या गच्च अस्तराच्या मधे एक पांढरा पडदा, कांद्याच्या पातीच्या सालीइतका पातळ. घाम बाहेर जातो पण पाणी आत येत नाही, तो हाच. उजेडासमोर धरला. माझ्या आरीची भोकं एका रांगेत चमकत होती, टाका टाक्याला लागून.

कारखान्यात असा पडदा शिवला की शिवणीवर पट्टी चिकटवतात. मी वरून ठिगळ नुसतं चिकटवायला हवं होतं, आरी लावायलाच नको होती. चीर फक्त कातड्याला होती. पडदा फोडला मी.

हे काकाजींना सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी मुलाला फोन लावला. तिकडे रात्र होती. "बूट काही कामाचे नाई रे बाबू, फसोलं तुले त्या दुकानदारानं." पलीकडून पोरगा काहीतरी समजावत होता. मी सुईत दोरा ओवत बसलो. शिवायचं काहीच नव्हतं.

फोन ठेवून विचारलं, "मंग कोंता घेऊ?" पाईप बदलायला एक नंबर मोठा गमबूट, आत लोकरी मोजा, मचाणावर चढायच्या आधी मोजा बदला, असं सांगितलं. गमबुटाचे पैसे मी घेतले नाहीत. त्यांना वाटलं, ओळखीमुळे.

जोडी माझ्याकडेच ठेवून गेले. उजवा अजून नवाच आहे. डाव्याच्या प्रत्येक भोकावर आतून सायकलच्या ट्यूबची बारीक चकती चिकटवली. सोल्युशन सुकल्यावर बूट घोट्याच्या वरपर्यंत पाण्यानं भरला आणि रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी कागदावर आठाण्याएवढा ओला डाग होता.